चार नंबरच्या खाटेवरचं नाव

हौसाचे पाय एकदा पाहिले की ती कुठून आली हे विचारावं लागत नसे. टाचांना अशा भेगा, की भाताचा दाणा आत गेला तर शोधत बसावं. जासईच्या मिठागरात तिनं परकरात असल्यापासून डोक्यावर मीठ वाहिलं होतं, आणि खारं पाणी काही कुणाचे लाड करत नाही. तिथून उठून ही बाई पनवेलला आली, भाताच्या गिरणीमागच्या लहानशा धर्मादाय दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि सत्तावन्न साली तिनं ठरवलं की आता आपण इंग्रजी बोलायचं. लोक हसले. हसणारच! लोकांना दुसरा धंदा काय असतो?

पण तिला काही मडमेसारखं मिरवायचं नव्हतं. तिला एक खोली हवी होती.

झालं होतं असं. तिचा नवरा गोदीत काम बघतो म्हणून मुंबईला गेला, तो गेलाच. त्याला आठ वर्षं होऊन गेली. कुणी म्हणे त्यानं दुसरी केली, कुणी म्हणे बोटीवर चढला. मागं राहिल्या दोघी, हौसा आणि तिची सासू गोदू. हौसाचा भाऊ भगवान न्यायला आला. म्हणाला, "तू चल. तुजा ताट वाढून ठेवलाय. पन म्हातारीला नाय आनायची. तिचा पोरगा पलाला, तिला आमी कशाला पोसू?"

"मंग ताट झाकून ठेव," हौसा म्हणाली, आणि सासूचं बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेऊन पनवेलची वाट धरली. असली ही बाई. एकदा मान हलवली की ब्रह्मदेव आला तरी तिची हलवलेली मान सरळ होत नसे.

दवाखान्याचे जुने डॉक्टर मायाळू होते. त्यांनी दोघींना मागच्या पडवीत पथारी टाकू दिली. पण ते म्हातारे झाले, गेले आपल्या गावी, आणि त्यांच्या जागी आले डॉक्टर कुरियन. उंच, काळेसावळे, बुटांचा करकर आवाज करत चालणारे, पार केरळातले. मराठी अजिबात नाही, हिंदी म्हणाल तर हातवारे धरून पाच-पंचवीस शब्द. माणूस वाईट नव्हता हो, पण शिस्तीचा! आल्या आल्या त्यांनी पडवी पाहिली आणि सांगितलं, इथं भिंत घालून आणखी खाटा टाकायच्या. दवाखान्याच्या आवारात राहायला फक्त नर्सला मिळेल, विहिरीजवळची कौलारू खोली.

त्या खोलीत तेव्हा शांतीबाई नर्स राहत होत्या, आणि त्या महिनाअखेरीस काम सोडून मुलाकडे नाशिकला निघाल्या होत्या. म्हणजे खोली रिकामी होणार, पडवी बंद होणार, आणि नवी नर्स मुंबईहून येणार. गोदूला कुठं ठेवायचं? भावाचं झाकलेलं ताट तेवढं राहिलं होतं, आणि त्या घरात म्हातारीला जागा नव्हती.

हौसानं पदर खोचला आणि थेट डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. मधे बोलायला वहाब कंपाउंडर. ती म्हणाली, "वहाबभाय, सायबाला सांगा, मी करीन नर्सचा काम. सुया उकलते, जखमा धुते, ताप बघते. शांतीबाईंच्या हाताखाली सगला शिकलेय."

डॉक्टर म्हणाले, काम हिला येतं, मला दिसतंय. पण सकाळी सातला सगळ्या पेशंटांचा रिपोर्ट मला कोण देणार? मला हिची भाषा येत नाही. महिनाअखेर हिनं इंग्रजीत रिपोर्ट दिला तर हिलाच ठेवतो. नाहीतर मुंबईला कळवतो.

"देते म्हणावं," हौसा म्हणाली. वहाबनं कपाळावर हात मारला.

वहाबचे वडील बोटीवर होते, त्यामुळे त्याच्या घरात इंग्रजी थोडंफार बोललं जाई, आणि औषधांच्या बाटल्यांनी उरलेलं शिकवलं होतं. माणूस दिलदार. त्यानं हौसाला रोज दुपारी औषधाच्या खिडकीशी उभं करून शब्द द्यायला सुरुवात केली. पेन म्हणजे दुखणं. फिअर म्हणजे भीती. नीड म्हणजे गरज. हौसाची स्मरणशक्ती अशी, की आठवडाभरात खिडकीतले शब्द संपायला आले. मग एका सकाळी तिनं डॉक्टरांपुढे तोंड उघडलं.

"पेन चेस्ट! ईट रिफ्यूजल! गो होम परमिशन!"

डॉक्टर बघतच राहिले. बाई तारेचा मजकूर सांगतेय की भांडतेय, त्यांना कळेना. हौसाचा पारा चढला. शब्द सगळे बरोबर, मग गाडी अडते कुठं?

वहाब म्हणाला, "जरा सबर कर, हौसाबाय. चूक माझीच. मी तुला शब्द एकेक दिले. हे एकटे चालत नाहीत. यांच्या मागं एक छोटा शब्द लागतो, आणि ज्याचा त्याचा ठरलेला. पेन इन द चेस्ट. नीड फॉर मेडिसिन. फिअर ऑफ इंजेक्शन. परमिशन टु गो."

हौसा एकदम त्याच्यावरच उखडली. "मंग आधी नाय सांगायचा? मिठागरावर पन कोनी बाई एकटी काम करते काय? एक भरते, एक वाहते. भरलेली पाटी आपली आपल्याला डोक्यावर घेता येत नाय, जोडीदारीन हात लावते तवा ती चढते. आनि जोडीदारीन बदलली की पाटी कलंडते!"

झालं, तिथून तिचं इंग्रजी मार्गाला लागलं. पेनची जोडीदारीण इन. डिफिकल्टीची पण इनच, बिचारी दोन पाट्यांना हात लावते. नीडची फॉर, रिक्वेस्टची फॉर, रीझनची फॉर. फिअरची ऑफ. आणि परमिशन, रिफ्यूजल, ॲटेम्प्ट यांच्या मागं टु, अन् त्या टुच्या मागं लगेच काम आलं पाहिजे, टु गो, टु ईट, टु रन, रिकामी टु उभी राहिली तर पाटी खाली.

एकदा वहाबनं तिला चिडवायला विचारलं, "सांग बरं, फिअरला ऑफच का? इन का नको?"

"तुमाला म्हाईत हाय काय?"

"खुदा कसम, मला पण नाही."

"मंग ऱ्हावदे ना! मिठागरावर मी शकूबरोबर होते. का होते, कोन विचारतो? लागली जोडी ती लागली."

आता सबंध दवाखान्याला हिचा ताप. पट्ट्या धुताना बोलणं, सुया उकळताना बोलणं. नळावर रांगेत पुढं घुसायचं तर म्हणे "परमिशन टु फिल!" बाजारात कांदेवालीसमोर उभी राहून "नीड फॉर कांदे". कांदेवालीनं तोंडाला पदर लावून शेजारणीला खूण केली, "मडम आल्या बघ." हौसानं कांदे निवडता निवडता ऐकवलं, "मडमेला सडका कांदा चालत नाय, तो उचल." रस्त्यात कुणी हसलं तर ही उलट त्याच्याकडे असं बघे, की हसणारा आपोआप आपल्या चपलांकडे बघायला लागे. पडवीत म्हातारीचीही सुटका नव्हती.

"आये, डिझायर टु ड्रिंक चा?"

"मला तुजा तोंड बंद कराचा हाय," गोदू म्हणायची. पण चहा घ्यायची, आणि शेजारच्या बायकांना मोठ्या ऐटीत सांगायची, "माजी सून सायबाशी बोलते."

महिना संपत आला. डॉक्टरांनी दिवस ठरवला. त्यांचा एक कडक नियम होता, आणि तो नियम बरोबरच होता म्हणा. खाटेचा नंबर सांगून चालणार नाही, आधी पेशंटचं नाव, मग तक्रार, मग रात्री काय झालं ते. कारण आपल्याकडचे पेशंट! वारा लागतो म्हणून एकजण खिडकीशी जाणार, ओळखीचा भेटला म्हणून दुसरा त्याच्या शेजारी. एकदा सात नंबरचं इंजेक्शन आठ नंबरला मिळता मिळता राहिलं होतं.

सकाळी सातला हौसा पुरुषांच्या वॉर्डात उभी राहिली. इस्त्री केल्यासारखं चापून नेसलेलं लुगडं, केसांना पाणी. शेजारी वहाब, मनातल्या मनात हिचेच शब्द घोकत.

"कमळाकर. पेन इन द लेग. नो फीवर. रिक्वेस्ट फॉर पिलो."

डॉक्टरांनी मान डोलावली.

"अय्यूब. फिअर ऑफ इंजेक्शन. ॲटेम्प्ट टु रन."

डॉक्टर चक्क हसले. अय्यूबनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

"जगन. इम्प्रूव्हमेंट इन कफ. रिक्वेस्ट फॉर परमिशन टु गो होम."

तीन पाट्या एकावर एक! वहाबची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण जायचं. आणि मग हौसा चौथ्या खाटेपाशी आली आणि गप्प झाली.

चौथ्या खाटेवर आदल्या संध्याकाळी नवा माणूस आला होता. बैलगाडीची चाकं करणाऱ्या कारखान्यातला सुतार, चाळिशीचा, छातीत कळ येऊन पडला म्हणून चौघांनी उचलून आणलेला. त्याचं नाव महादेव.

हौसाच्या नवऱ्याचं नावही महादेव.

आता हसू नका. त्या काळी आमच्याकडची बाई जीव गेला तरी नवऱ्याचं नाव तोंडावर आणत नसे. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या मनात लहानपणापासून मुरवलेलं. नवरा चांगला असो, वाईट असो, घरात असो, परागंदा असो. महादेवाच्या देवळाला हौसा 'पिंडीचं देऊळ' म्हणायची. आठ वर्षांत त्या माणसाला तिनं मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या असतील, पण नाव घेऊन एकही नाही.

"नेम?" डॉक्टरांनी विचारलं.

मग हौसानं तेच केलं जे आमच्या बायका अडचणीत करतात. आडवळणानं गेली. महादेव कोण, तर गणपतीचा बाप.

"फादर ऑफ गणपती," ती म्हणाली.

वहाबला ठसका लागला. डॉक्टरांना मात्र बरं वाटलं. या पेशंटचं कुणीच सोबत नव्हतं, आणि त्याला तर नीट समजावून सांगणारं घरचं माणूस हवं होतं. मुलगा आहे म्हणता? बोलवा. वहाबचा ठसका थांबेपर्यंत वॉर्डबॉय गणपतीला हाका मारत आवाराबाहेर गेलासुद्धा. आणि नशीब बघा, समोरच्या भाताच्या गिरणीत एक गणपत होता. तो कोंड्यानं माखलेला तसाच धावत आला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे सांगितलं, "फादर सीरियस." तेवढं त्याला कळलं. त्यानं तिथंच धाय मोकलली. मग खाटेपाशी नेलं, तर भलताच माणूस! बाप सकाळी घरी धडधाकट बसून भाकर खात होता. गणपत डॉक्टरांना जे बोलला ते सुदैवानं मराठीत बोलला.

डॉक्टरांना वहाबनं सगळं समजावलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर हौसाला सोसलं असतं. ते वहाबमार्फत शांतपणे म्हणाले, "माझी आईसुद्धा माझ्या वडिलांचं नाव घेत नाही. पण माझी आई रिपोर्ट देत नाही. इथं नाव चुकलं तर माणूस जाईल. उद्या सकाळी परत. नावासकट. नाही जमलं तर मी मुंबईला कळवतो."

वहाब हळूच म्हणाला, "इंग्रजी एक नंबर झालं तुझं. पण या गाठीला मी काय करू, हौसाबाय?"

संध्याकाळी पडवीत तिनं गोदूला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, म्हातारी म्हणेल, घे गं बाई नाव, त्यानं आपल्यासाठी काय केलं? म्हातारी तसं काही म्हणाली नाही. तिचा तांदूळ निवडणारा हात थांबला.

"नाव घेव नको," गोदू म्हणाली. "माजा एकच पोर हाय. कंचे मुलखात हाय, जिता हाय का नाय, मला म्हाईत नाय. तू नाव घेतलास आनि त्याला काय झाला तं?"

"आये, नाय घेतला तं आपन ऱ्हावाचा कुठं?"

"मी पडीन देवलाच्या पायरीवर. तू जा भावाकडं. पन माज्या पोराच्या आयुष्यावर उठू नको, हौसे. तुज्या पाया पडते."

आणि ती खरोखरच वाकली. हौसानं तिला दंडाला धरून वर उचललं, आणि तिला भयंकर राग आला. कुणाचा राग, तेही तिला धड कळेना. जो पळाला त्याचं आयुष्य जपायचं, आणि ज्या दोघी मागं राहिल्या त्यांनी पायरीवर पडायचं? हिच्यासाठी आपण हे सगळं करतोय, आणि हीच आड येते! बोलायला लागली असती तर नको ते बोलली असती. तिनं तांदूळ निवडून भात टाकला, म्हातारीला वाढला, आणि म्हातारी जेवली नाही.

सकाळी हौसा उठली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. लुगडं चापून नेसली, केसांना पाणी लावलं. निघताना म्हणाली, "आये, मी नाव घेनार हाय. तुला ऐकवत नसंल तर विहिरीकडं जाऊन बस." गोदू गेली नाही. वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून, पाठ करून, ओठ हलवत बसली. देवाला काय सांगत होती, देवालाच ठाऊक.

कमळाकर झाला, अय्यूब झाला. जगनला घरी जायची परमिशन मिळाली होती, तो गाठोडं बांधून बसला होता. हौसा चौथ्या खाटेपाशी आली. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. बाहेर म्हातारीची पाठ दिसत होती, वाकलेली. आणि त्याच पाठीला छप्पर हवं होतं.

"महादेव!" ती म्हणाली. हळू म्हणायचं होतं, पण आठ वर्षं अडकलेलं नाव, ते मिठागराच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारावी तसं निघालं.

"ओ," खाटेवरचा सुतार दचकून म्हणाला.

डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, "गो ऑन."

हौसाचं तोंड आता थांबलं नाही. "पेन इन द चेस्ट, लेस. डिफिकल्टी इन ब्रीदिंग, लेस. रिफ्यूजल टु ईट."

"रीझन फॉर रिफ्यूजल?" डॉक्टरांनी विचारलं.

हे काही पाठ केलेलं नव्हतं. हौसानं सुतारालाच विचारलं, "का हो जेवत नाय तुमी?" तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जेव म्हणणारं कोण आहे, बाई? आई गेली, बायको गेली. दुखणं तरी कुणाला सांगू?"

हौसानं थोडा विचार केला. मग डॉक्टरांकडे वळली. "नोबडी टु आस्क हिम," ती म्हणाली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळता वळता वहाबला म्हणाले, "नो नीड टु कॉल मुंबई."

वहाबच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसा मात्र त्याच्या कानाशी लागून खेकसली, "नीडला टु? तुमी तं फॉर सांगितला होता!"

"दोन्ही चालतं गं बाई, पुढं काम आलं की टु. नर्स झालीस, आता तरी भांडू नको!"

नर्स झालीस. ते शब्द आत जायला तिला जरा वेळ लागला. मग ती म्हातारीला सांगायला दाराकडे वळली, तर म्हातारी भिंतीपाशी नव्हतीच.

गोदू दारात उभी होती. सुनेनं हाक मारली, आणि आतून पुरुषाच्या आवाजात "ओ" आली. तेवढं तिनं ऐकलं होतं आणि उठली होती. गुडघे धरून सुद्धा एकदम उठता न येणारी बाई, कशी उठली कोण जाणे. चौकट धरून ती चौथ्या खाटेकडे बघत होती. खाटेवर तिचा पोरगा नव्हता. ते तिला दिसलं, चांगलं दिसलं. हौसा पुढं झाली, तिला वाटलं म्हातारी आता छाती पिटून घेणार, नाहीतर आपल्याला शिव्या घालणार.

"आये..."

गोदूनं तिला हातानं बाजूला केलं. ती खाटेपर्यंत चालत गेली, सुताराच्या उशाशी ठेवलेली पेजेची वाटी उचलली, बोट लावून पाहिली.

"गार झाली ही," ती हौसाला म्हणाली. "दुसरी आन. मीठ घालून आन."

हौसा धावत गेली आणि ऊन पेज घेऊन आली. म्हातारीनं वाटी घेतली, खाटेच्या कडेवर टेकली, आणि तोंड फिरवून पडलेल्या त्या परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हादेवा," ती म्हणाली, "बाला, तोंड उघड."

आणि त्यानं उघडलं.